वसईची कॅथलिक मुलगी, कोकणी मुसलमान मुलगा: निकाह, चर्च की विशेष विवाह कायदा?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी वसईतल्या कॅथलिक घरातली, वय 26. मुलगा रायगड जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमान घरातला, वय 29. दोघं ठाण्यात नोकरी करतात. मुलाच्या घरचे म्हणतात, इस्लाममध्ये ख्रिस्ती बायको चालते, धर्म बदलायची गरज नाही, निकाह उरकून टाकू. गावचे काझी म्हणतात, आधी कलमा पढावा लागेल, म्हणजे इस्लाम स्वीकारावा लागेल. चर्चमधले फादर म्हणतात, बिशपांची परवानगी मिळू शकते, पण मुलांबाबत एका कागदावर सही लागेल. मित्रमैत्रिणी म्हणतात, या फंदात पडूच नका, कोर्ट मॅरेज करा. यातलं खरं काय आणि आधी काय करायचं, असं मुलीनं विचारलं आहे.

गंमत अशी की चौघंही आपापल्या जागी खरं बोलताहेत. ‘लग्न’ हा एकच शब्द चर्च, जमात आणि सरकार तीन वेगळ्या अर्थांनी वापरतात, आणि एकाच्या लेखी पक्कं असलेलं लग्न दुसऱ्याच्या लेखी झालेलंच नसतं. म्हणून माझं मत आधीच सांगते. लग्नाचा कायदेशीर पाया विशेष विवाह कायदा, 1954 हा ठेवा. चर्चची परवानगी त्या तारखेआधी हातात घ्या. वेगळा निकाह करू नका. आणि मुलांचा धर्म कोणता, हे नोटीस देण्याआधी ठरवा. आता कारणं.

निकाहपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त जोडपी इथेच अडकतात. कुराणातल्या पाचव्या सुऱ्याची पाचवी आयत मुसलमान पुरुषाला ‘किताबी’, म्हणजे ज्यू किंवा ख्रिस्ती, शीलवान स्त्रीशी लग्न करायची मुभा देते. आपल्या न्यायालयांनी मानलेला सुन्नी कायदाही हेच सांगतो. पण भारतात ख्रिस्ती व्यक्तीच्या लग्नाला भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, 1872 लागतो. त्याच्या कलम 4 प्रमाणे वधूवरांपैकी एकजण जरी ख्रिस्ती असला तरी लग्न कलम 5 मध्ये सांगितलेल्या व्यक्तींनीच लावायला हवं. त्यात धर्मगुरू, परवानाधारक पाळक, त्या कायद्याखालचे विवाह निबंधक आणि आणखी एकदोन जण येतात. इतर कुणी लावलेलं लग्न रद्दबातल. काझी त्या यादीत नाहीत. म्हणजे मुलगी ख्रिस्ती राहून निकाह झाला, तर शरियतच्या दृष्टीनं तो योग्य ठरू शकतो आणि देशाच्या कायद्यात मात्र तो टिकत नाही. निकाहनामा हातात असतो, वलीमा (लग्नाची मेजवानी) झालेला असतो, महापालिकेत नोंदही झालेली असते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण महापालिकेतली किंवा ग्रामपंचायतीतली नोंद लग्न झाल्याची केवळ नोंद आहे. जे लग्न मुळात रद्दबातल आहे त्याला ती जीव देत नाही. हे उघडकीस येतं ते पोटगीच्या दाव्यात, वारसाच्या भांडणात किंवा घटस्फोटाच्या वेळी, म्हणजे नेमकं नको तेव्हा.

मग काझी कलमा पढायला का सांगताहेत? बहुतेकांना तो हट्टीपणा वाटतो. तसं नाही. कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे, म्हणजे त्या धर्मशास्त्रीय परंपरेचे, आणि महाराष्ट्रातले बाकीचे बहुतेक सुन्नी हनफी. हनफी फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, ख्रिस्ती स्त्री ही किताबी, एवढं पुरतं, जरी असं लग्न फारसं पसंत केलेलं नसलं तरी. शाफई फिकहची अट कडक आहे. स्त्री बनी इस्राईलच्या, म्हणजे प्राचीन ज्यू लोकांच्या, वंशातली नसेल, तर तिच्या पूर्वजांनी इस्लामच्या आगमनाआधीच ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला असला पाहिजे. वसईचे कॅथलिक पोर्तुगीज अमलात, म्हणजे 1534 नंतर, ख्रिस्ती झाले. या मोजपट्टीनं वसईची मुलगी ‘किताबी’ ठरतच नाही. मलेशियानं 1984 च्या कायद्यात किताबी स्त्रीची व्याख्याच या शाफई पद्धतीनं लिहिली आहे. तेव्हा गावचे काझी आपल्या मजहबाला धरूनच बोलताहेत. मुंबईत एखादे हनफी काझी विनाकलमा निकाह पढवतीलही, पण त्यानं कलम 4 ची अडचण सुटत नाही, ती होती तिथंच राहते.

वलीचा, म्हणजे वधूच्या वतीनं लग्न लावून देणाऱ्या पालकाचाही फरक आहे. हनफी मतानुसार सज्ञान स्त्री स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. शाफई मतानुसार वधूला वली लागतो, आणि तो साधारणपणे बाप. मुलीनं इस्लाम स्वीकारला की ख्रिस्ती बाप तिचा वली होऊ शकत नाही, ती जागा काझी घेतात. वसईच्या घरात या एका गोष्टीनं किती मनं दुखावतात हे मुलाकडच्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

कलमा पढून निकाह केला तर कायद्याचा पेच सुटतो हे खरं. मग दोघंही मुसलमान आणि दोघांना मुस्लिम कायदा लागू. त्याचे परिणाम मात्र समजून घ्या. वडिलांच्या मिळकतीतला मुलीचा हक्क जात नाही, कारण ख्रिस्ती माणसाच्या मागे वारसा त्याच्या कायद्यानं ठरतो, वारसाच्या धर्मानं नाही. वडिलांनी मृत्युपत्रात वगळलं तर गोष्ट वेगळी. दुसरा परिणाम फार कमी लोकांना माहीत असतो. मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, 1939 च्या कलम 4 प्रमाणे मुसलमान स्त्रीनं इस्लाम सोडला म्हणून तिचं लग्न आपोआप मोडत नाही. पण त्याच कलमाचं परंतुक सांगतं की दुसऱ्या धर्मातून इस्लाममध्ये आलेली स्त्री आपल्या मूळ धर्मात परत गेली तर हे संरक्षण तिला नाही. म्हणजे पाच वर्षांनी मुलगी पुन्हा मिस्सेला जाऊ लागली आणि वाद पेटला, तर लग्नच संपलं असा दावा उभा राहू शकतो. श्रद्धा मनापासून पटली असेल तर तो तिचा अधिकार आहे, त्यात कुणी बोलायचं कारण नाही. हॉल बुक झालाय म्हणून कलमा पढू नये, एवढंच म्हणणं आहे. इस्लामच्या दृष्टीनंही नियत नसलेल्या कलम्याला किंमत नाही. आणि धर्मांतर करायचंच असेल तर त्या वेळी राज्यात त्याबद्दल काय कायदा आहे आणि कोणती पूर्वसूचना लागते, हे आधी वकिलाकडून बघून घ्या.

आता चर्च. कॅथलिक चर्चसाठी दोन बाप्तिस्माधारकांचं लग्न हा संस्कार आहे, साक्रामेंत आहे, आणि तो माणसाला मोडता येत नाही. निकाह हा करार. एका बैठकीत प्रस्ताव आणि स्वीकार, सुन्नींमध्ये साक्षीदार, आणि मेहेर. पण ‘निकाह म्हणजे नुसतं काँट्रॅक्ट’ असं म्हणणाऱ्यांनी चौथ्या सुऱ्याची एकविसावी आयत वाचावी. तिथे लग्नाला ‘मीसाक गलीज’, पक्का वचनबंध, म्हटलं आहे. फरक पावित्र्याचा नाही. फरक असा की इस्लाममध्ये हा बंध मोडायची वाट ठेवली आहे, नापसंत असली तरी. कॅथलिक धर्मात ती नाही. दोघांनी हा फरक एकमेकांसमोर मोठ्यानं बोलावा, कारण ‘नाहीच पटलं तर बघू’ हे वाक्य एका घरात व्यवहार मानलं जातं आणि दुसऱ्या घरात त्याच वाक्यामुळे लग्नाच्या वैधतेवर शंका येते.

कॅनन, म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम. कॅनन 1086 प्रमाणे कॅथलिक व्यक्तीचं बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न हा अडथळा आहे. बिशपांकडून त्यातून सूट मिळाल्याशिवाय असं लग्न चर्चमध्ये वैध नाही. सूट मिळाली तर लग्न वैध होतं, पण ते साक्रामेंत होत नाही. ते साधारणतः मिस्सेविना, साध्या विधीनं लागतं, आणि कॅनन 1118 प्रमाणे चर्चमध्ये किंवा दुसऱ्या योग्य जागी लागू शकतं. सूट मागताना तीन गोष्टी होतात. कॅथलिक व्यक्ती लिहून देते की मी माझ्या श्रद्धेत टिकून राहीन. तीच प्रामाणिक वचन देते की होणाऱ्या सर्व मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी मी माझ्या हातात असेल ते सगळं करीन. आणि दुसऱ्या व्यक्तीला या वचनाची पूर्ण कल्पना दिली जाते. मुलाकडचे हमखास गैरसमज करून घेतात की आमच्या पोराकडून लिहून घेताहेत. मुलानं काहीच वचन द्यायचं नसतं. त्याला माहिती असावी आणि लग्नाची उद्दिष्टं व एकनिष्ठता, अभंगता हे गुण दोघांनाही समजावलेले असावेत, एवढीच अट आहे.

कागदपत्रं अशी. बाप्तिस्म्याचा ताजा दाखला, सहसा सहा महिन्यांच्या आतला, कारण मूळ नोंदीच्या समासात आधीचं लग्न झाल्याची टीप असते आणि तीच तपासायची असते. दोघंही अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र. विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र. फादरांपुढची चौकशी, जी दोघांची वेगवेगळी होते. मग अर्ज धर्मप्रांताच्या कार्यालयात जातो. किमान तीन महिने हातात ठेवा. सूट मागायला सबळ कारण द्यावं लागतं आणि ती हक्कानं मिळत नाही. फादरांनी दोनतीनदा परत बोलावलं तर तो छळ समजू नका. 2004 साली व्हॅटिकननं स्थलांतरितांबाबत दिलेल्या सूचनांमध्ये कॅथलिक स्त्री आणि मुसलमान पुरुष यांच्या लग्नाबाबत विशेष सावध तयारी करायला स्पष्ट सांगितलं आहे. कलमा असलेल्या कागदावर कॅथलिक व्यक्तीनं सही करू नये, हेही त्यातच आहे.

‘चर्च पण करू आणि निकाह पण करू, दोन्ही घरं खूश’ हा तोडगा जवळजवळ प्रत्येक जोडप्याला सुचतो. कॅनन 1127 प्रमाणे चर्चचं लग्न लागण्याआधी किंवा नंतर, लग्नाची संमती देण्यासाठी दुसरा धार्मिक विधी करायला मनाई आहे. निकाहमधला इजाब-कबूल, म्हणजे प्रस्ताव आणि स्वीकार, हीच तर संमती. फादरांपासून हे लपवून निकाह केला जातो, मग व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि सूट देताना जे लिहून दिलं ते खोटं होतं असा प्रश्न उभा राहतो. मुलाच्या घरच्यांना मान द्यायचा असेल तर स्वागत समारंभात मौलानांनी दुआ करावी, कुराणातल्या आयती पढाव्यात, वलीमाही जोरात करावा. फक्त ‘कबूल है’ हे शब्द आणि निकाहनामा नको. हा फरक मौलानांना आणि फादरांना दोघांनाही आधी सांगून ठेवा.

यात सगळ्यात कठीण गोष्ट मुलांची, आणि कुठल्याही कायद्यात त्याचं उत्तर नाही. चर्चला दिलेलं वचन वर सांगितलं. दुसऱ्या बाजूला चारही सुन्नी मजहबांत मुसलमान बापाचं मूल मुसलमान, यावर दुमत नाही. किताबी बायकोची मुभा याच गृहीतकावर दिलेली आहे. म्हणजे दोघंही प्रामाणिक असतील तर दोघांची प्रामाणिक वचनं एकमेकांशी टक्कर घेतात. ‘मूल मोठं झाल्यावर स्वतः ठरवेल’ हे ऐकायला छान वाटतं, पण ते टिकतं पहिल्या बाळंतपणापर्यंत. जन्मानंतर कानात अजान द्यायची असते. सातव्या दिवशी अकीका (बाळाच्या नावानं कुर्बानी), जावळ, नाव. मुलगा असेल तर सुंता. इकडे आजी बाप्तिस्म्याची तारीख विचारत असते आणि गॉडमदर ठरलेली असते. पहिल्या महिन्यातच ‘मोठं झाल्यावर’ संपतं. पुढे शाळेच्या अर्जात धर्माचा रकाना, पहिल्या कम्युनियनचा वर्ग, मदरशाची शिकवणी.

म्हणून नोटीस देण्याआधी दोघांनी कागदावर चार ओळी लिहून काढाव्यात. नाव कसं असेल. अजान, अकीका, बाप्तिस्मा, सुंता यांतलं काय होईल आणि काय होणार नाही. रविवारी आणि शुक्रवारी मूल कुठे जाईल. ईद आणि नाताळ कुठल्या घरी. हा कागद न्यायालयात बजावता येत नाही. मुलाच्या ताब्याचा वाद झाला तर न्यायालय मुलाचं हित बघतं. कागदाचा उपयोग इतकाच की लिहिताना खरी मतं बाहेर येतात. मुलगी वचनाच्या कागदावर सही करते आणि मुलाला ‘ती फॉर्मॅलिटी आहे’ म्हणते, मुलगा ‘हो हो’ म्हणतो आणि घरी सांगतो की मुलं आपलीच. पुढच्या भांडणांचं मूळ बहुतेक इथेच असतं. वचन ‘हातात असेल ते सगळं’ एवढंच आहे, निकालाची हमी नाही. पण करणारच नाही असं मनात ठरवून सही करणं म्हणजे सरळ खोटं. चार ओळींवर एकमत होत नसेल तर तारीख पुढे ढकला. हॉलचं आगाऊ भाडं बुडालं तरी ते परवडतं.

आता ‘कोर्ट मॅरेज’. ते कोर्टात होत नाही, विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात होतं. विशेष विवाह कायद्यात दोघांनी आपापला धर्म कायम ठेवून लग्न करता येतं. अटी: मुलगा 21 पूर्ण, मुलगी 18 पूर्ण, दोघांचाही जोडीदार हयात नसावा, संमती देण्याइतकं मन सक्षम असावं, निषिद्ध नातं नसावं. मुस्लिम कायद्यातली चार बायकांची मुभा इथं संपते. हे मुलाला आणि त्याच्या घरच्यांना स्पष्ट सांगा.

पहिली पायरी, रहिवास. ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची तिथे दोघांपैकी एकजण नोटिशीच्या आधी सलग किमान 30 दिवस राहत असला पाहिजे. ठाण्यात भाड्यानं राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार हा सर्वांत निर्धोक पुरावा. आधार कार्डावर वसईचा, म्हणजे पालघर जिल्ह्याचा पत्ता आणि नोटीस ठाण्यात, अशा वेळी भाडेकरार नसेल तर अर्ज अडतो. दुसरी पायरी, नोटीस. महाराष्ट्रात ती नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून भरता येते. जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो. आधी घटस्फोट झाला असेल तर हुकूमनामा, जोडीदार वारला असेल तर मृत्यू दाखला. नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर एकच आहे ना हे बघा. कॅथलिक मुलींच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आडनाव पोर्तुगीज वळणाचं आणि तेही दोन प्रकारे लिहिलेलं, हे नेहमीचं आहे. राजपत्रात नाव दुरुस्त करायचं असेल तर ते आधी.

नोटीस फलकावर लागते. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. म्हणजे घरी अजून सांगितलं नसेल तर या मुदतीत घरी कळणार असं धरून चला. आक्षेप 30 दिवसांत घेता येतो, पण फक्त वर दिलेल्या कायदेशीर अटींवर. ‘आम्हाला मान्य नाही’, ‘मुलगा मुसलमान आहे’ हे आक्षेप नव्हेत. आक्षेप आला तर अधिकाऱ्यानं 30 दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. लग्न नाकारलं तर जिल्हा न्यायालयात अपील, त्यालाही 30 दिवस. धमकी असेल तर पोलिसांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या, तोंडी सांगू नका.

30 दिवस झाले की तीन साक्षीदार आणि दोघं विवाह अधिकाऱ्यापुढे घोषणापत्रावर सह्या करतात. मग दोघांनी एकमेकांना उद्देशून कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं म्हणायचं. मराठीत म्हटलं तरी चालतं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. चर्चचं वेळापत्रक इथे आडवं येतं. नोटीस आधी दिली आणि बिशपांकडून उत्तर यायला उशीर झाला, तर तीन महिने उलटतात. म्हणून क्रम असा ठेवा: फादरांकडे अर्ज, मग सूट मंजूर झाल्याचं पत्र, मग नोटीस, मग नोंदणी, आणि त्याच आठवड्यात चर्चचा विधी. घरातल्या विरोधामुळे चर्चमध्ये विधी करणंच अवघड असेल तर बिशपांकडे विधीच्या स्वरूपातूनही सूट मागता येते. ती मिळाली तर विवाह अधिकाऱ्यापुढचं लग्नच चर्चच्या लेखी वैध धरलं जातं.

सूट न घेता फक्त नोंदणी केली तर? कायद्यात लग्न पक्कं, चर्चमध्ये नाही. मुलगी बहिष्कृत होत नाही, मिस्सेला जाऊ शकते, पण पवित्र कम्युनियन घेऊ शकत नाही. पुढे कधीही दुरुस्ती करता येते. मुलाच्या बाप्तिस्म्याला आईबापांपैकी एकाची संमती पुरते, फक्त मूल कॅथलिक म्हणून वाढेल अशी रास्त आशा फादरांना दिसायला हवी.

पैशाचा भाग लोक टाळतात, आणि तोच कायदा निवडताना निर्णायक ठरतो. समजा नवरा मृत्युपत्र न करता वारला, मागे बायको, आई, वडील, एक मुलगा, एक मुलगी, आणि त्याच्या नावावर 72 लाखांची मालमत्ता. सुन्नी कायद्यात सगळे मुसलमान धरले तर बायकोला आठवा हिस्सा 9 लाख, आईला 12, वडिलांना 12, उरलेल्या 39 लाखांत मुलाला 26 आणि मुलीला 13. पण ख्रिस्ती राहिलेली बायको मुसलमान नवऱ्याची वारसच होत नाही. तिला शून्य. तिच्यासाठी मृत्युपत्रानं फार तर एक तृतीयांश ठेवता येतं. विशेष विवाह कायद्यात मात्र कलम 21 मुळे भारतीय वारसा कायदा, 1925 लागतो. बायकोला एक तृतीयांश म्हणजे 24, मुलाला 24, मुलीला 24. आईवडिलांना काहीच नाही. हेही तितकंच लक्षात घ्या. म्हातारे आईवडील मुलावर अवलंबून असतील तर मृत्युपत्र करणं आवश्यक, आणि या कायद्याखाली लग्न केल्यावर एक तृतीयांशाची मर्यादा राहत नाही. केरळमध्ये एका मुस्लिम वकिलानं आपल्याच पत्नीशी 8 मार्च 2023 रोजी या कायद्याखाली पुन्हा लग्न केलं, ते याच कारणासाठी: त्यांना फक्त मुली होत्या आणि सगळी मालमत्ता मुलींना जावी अशी इच्छा होती. मृत्युपत्र लग्नानंतर करा. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न होताच रद्द होतं. भविष्य निर्वाह निधी आणि विम्याचं नामांकनही नव्यानं भरा.

घटस्फोट फक्त न्यायालयातून. तोंडी तलाक इथे लागू नाही, आणि लग्नाला एक वर्ष होईपर्यंत सर्वसाधारणपणे घटस्फोटाचा अर्जही करता येत नाही. न्यायालयानं घटस्फोट दिला तरी चर्चच्या लेखी मुलगी विवाहितच राहते, आणि चर्चच्या न्यायाधिकरणानं लग्न शून्य ठरवलं तरी सरकारच्या लेखी ते चालूच राहतं. दोन वेगळे दरवाजे आहेत आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

घरात पुढे येणारे काही मतभेद मात्र आधीच माहीत असलेले बरे. कॅथलिक चर्च कृत्रिम संततिनियमनाच्या विरोधात आहे. मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांनी तात्पुरत्या साधनांना पतीपत्नीच्या संमतीनं सर्वसाधारणपणे मुभा दिली आहे, कायमच्या नसबंदीला मात्र विरोध आहे. मूल होत नसेल तर सुन्नी उलेमा नवराबायकोच्याच बीजांवर प्रयोगशाळेतली गर्भधारणा मान्य करतात, तिसऱ्याचं बीज नाही. चर्चला तीही मान्य नाही. दत्तक घ्यायचं असेल तर बाल न्याय कायद्यानं दोघांना मार्ग खुला आहे. स्वयंपाकघरात डुकराचं मांस आणि वाइन हे वसईच्या सणांचे पदार्थ, त्यावर ‘आपल्या घरात नाही, माहेरी आहे’ अशी वाटणी बहुतेक जोडपी करतात आणि ती चालते. दफनाचं मात्र आधी विचारून ठेवा. चर्चची दफनभूमी आणि कब्रस्तान दोन्ही आपापल्या लोकांसाठी असतात. नवराबायको शेजारी शेजारी पुरले जातील हे गृहीत धरू नका.

उलट जोडी असेल, म्हणजे मुलगी मुसलमान आणि मुलगा ख्रिस्ती, तर निकाह त्यानं इस्लाम स्वीकारल्याशिवाय होतच नाही. चर्चमध्ये सूट घेऊन विधी होऊ शकतो, पण ख्रिस्ती विवाह कायद्याचं कलम 88 सांगतं की कुणाच्या वैयक्तिक कायद्यात निषिद्ध असलेलं लग्न या कायद्यानं वैध होत नाही. त्यामुळे अशा जोडप्याला विशेष विवाह कायद्याशिवाय सुरक्षित वाट नाही. त्यांच्यापैकी कुणी आखातात नोकरीला जाणार असेल तर कुटुंबाचा व्हिसा काढण्यापूर्वी त्या देशाचा नियम तपासा. मुसलमान पुरुष आणि ख्रिस्ती बायको हे तिकडे अडत नाही, मुसलमान बायको आणि ख्रिस्ती नवरा हे अनेक देशांत अडतं. ट्युनिशियानं ही बंदी 2017 मध्ये उठवली, आखातात सगळीकडे तसं झालेलं नाही.

गोव्यात राहणाऱ्यांना यातलं बरंच लागू नाही. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा, काही अपवाद सोडता, सगळ्या धर्मांना सारखा लागतो. दिवाणी नोंदणी हेच लग्न, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते.

शेवटचा प्रश्न मुलीनं तिच्या एका मैत्रिणीबद्दल विचारला आहे: ती ख्रिस्तीच राहिली, दोन वर्षांपूर्वी निकाह झाला, एक मूल आहे. घाबरायचं कारण नाही. विशेष विवाह कायद्याचं कलम 15 नेमकं यासाठीच उपयोगी पडतं. विवाहविधी झालेला असावा, तेव्हापासून दोघं पतीपत्नी म्हणून राहत असावेत, दोघांचंही वय 21 पूर्ण असावं, कुणाचा दुसरा जोडीदार नसावा, आणि जिल्ह्यात 30 दिवसांचा रहिवास असावा. दोघांनी मिळून अर्ज करायचा, पुन्हा 30 दिवसांची जाहीर नोटीस, मग तीन साक्षीदारांसह नोंद. नोंद झाली की ते लग्न याच कायद्याखालचं धरलं जातं आणि विधीनंतर जन्मलेलं मूलही औरस ठरतं. अर्जात ‘विवाहविधीची तारीख’ निकाहचीच लिहायची, नोंदणीची नाही. इथे चूक झाली तर मुलाच्या जन्मतारखेशी गणित जुळत नाही. निकाहनाम्यावर मैत्रिणीचं नाव बदलून मुसलमानी नाव लिहिलं असेल आणि आधारवर जुनं असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. आणि निकाहनाम्यात तिचा धर्म काय लिहिला आहे ते आधी वाचा. तिथे ‘मुसलमान’ लिहिलं असेल आणि ती कलमा पढलेली नसेल, तर अर्ज भरण्यापूर्वी वकिलाला तो कागद दाखवा.